आगीचा पंप थांबवावयाचा कोणी?



ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके पाण्याच्या बाबतीत एक विलक्षण विसंगती वर्षानुवर्षे अनुभवीत आले आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश. पावसाळ्यात येथे पाऊस कोसळतो, ओढे-नाले दुथडी भरून वाहतात. मुंबईची तहान भागविणारे तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्याच्या भूमीवर आहेत. त्यांतील तानसा तर १८९२ पासून मुंबईस पाणी देत आहे. मुरबाडलगतच्या बारवी जलाशयातून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ औद्योगिक वसाहतींना पाणी पुरविते. असे असूनही एप्रिल-मे महिना उजाडला, की शहापूरच्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते.

अशा मुलखात आसनगाव, आटगाव, वासिंद या पट्ट्यात आणि मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात कारखाने उभे राहिले. मुंबई-आग्रा महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामे आली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तोही शहापूर तालुक्यातूनच गेला असल्याने ही वाढ येथेच थांबेल असे मानण्याचे कारण नाही. मोठ्या कारखान्याच्या आवारात एक टाकी असते. तिच्यात काही लाख लिटर पाणी भरून ठेवलेले असते आणि ते कोणत्याही कामास वापरावयाचे नसते. टाकीशेजारी एक खोली असते. तीत दोन-तीन पंप लाल रंगात रंगवून ठेवलेले असतात. आठवड्यातून एकदा ते काही वेळ धडधडतात आणि थांबतात. कुंपणाबाहेरून हे पाहणाऱ्या ग्रामस्थाच्या मनात प्रश्न येतो, की माणसांना प्यावयास पाणी नसता हे पाणी कोंडून का ठेवले आहे, आणि हा पंप उगाच का चालविला जातो? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधू लागले की एका अधिक महत्त्वाच्या प्रश्नाशी येऊन पोचावे लागते. तो प्रश्न असा : हा पंप एकदा चालू झाला, म्हणजे तो थांबवावयाचा कोणी? यंत्राने आपण होऊन, की माणसाने हाताने?

शेतकऱ्याला पंप नवा नाही. वीज कोणत्या वेळी येईल याचा भरवसा नसल्यामुळे त्याने स्टार्टरला ‘ऑटो स्विच’ जोडला. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. सगळ्या शिवारातील पंप एकाच क्षणी सुरू झाले, की रोहित्रावर एकदम भार येतो, म्हणून ऑटो स्विच काढून टाका व कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण कंपनी करीत असते. ती गोष्ट वेगळी. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की शेतपंपाची सारी व्यवस्था मोटार वाचविण्यासाठी असते. एखादा फेज गेला, मोटार तापली, भार वाढला, की स्टार्टर पडतो. घराच्या छतावरील टाकी भरली, की तरंगता गोळा वर येतो आणि पंप बंद होतो. वेळेवर आपोआप बंद होणारा पंप तो शहाणा पंप, असा आपला रोजचा अनुभव सांगतो.

आगीच्या पंपाचा न्याय याच्या नेमका उलट आहे. तेथे मोटार ही वाचवावयाची वस्तू नव्हे. मोटार जळाली तर नवी घेता येते, कारखाना आणि त्यातील माणसे नव्याने घेता येत नाहीत. म्हणून अग्निसंरक्षणाच्या क्षेत्रात जगभर आधारभूत मानल्या जाणाऱ्या ‘एनएफपीए २०’ या अमेरिकी संहितेत असा दंडक आहे, की थोडासा जादा भार येताच मोटार तोडणारी सोय या पंपास नसावी. डिझेल इंजिनाचा दंडक तर ऐकणाऱ्यास प्रथम चमत्कारिक वाटेल. इंजिनातील वंगणाचा दाब उतरला किंवा इंजिन प्रमाणाबाहेर तापले, तर घंटा वाजावी, दिवा लागावा; पण आगीच्या हाकेवर सुरू झालेले इंजिन त्या कारणासाठी आपोआप थांबता कामा नये. वेग बेफाम वाढला तर मात्र ते थांबते, कारण त्या अवस्थेत ते फुटून पंपघराचाच नाश होण्याची भीती असते.

आता हा पंप सुरू कसा होतो ते पाहू. कारखान्याच्या आवारात जमिनीखालून लोखंडी नळांचे जाळे फिरविलेले असते. त्यावर ठिकठिकाणी हायड्रंट, म्हणजे रबरी नळी जोडावयाची तोंडे असतात. गोदामाच्या छताला स्प्रिंकलर असतात. हे जाळे सदैव दाबाखालील पाण्याने भरलेले ठेवतात. समजा, सात किलोचा दाब राखावयाचा आहे. एखाद्या सांध्यातून पाणी झिरपले, की दाब थोडा उतरतो; साडेसहा किलोला जॉकी नावाचा लहान पंप सुरू होतो आणि सात किलो होताच आपोआप थांबतो. रात्रंदिवस त्याचे हे काम चालते आणि ते तसेच चालावे. परंतु खरोखरच आग लागली आणि कोणी हायड्रंट उघडला, किंवा उष्णतेने स्प्रिंकलर फुटला, तर जॉकी पंपास तेवढे पाणी पुरविणे झेपत नाही. दाब घसरत साडेपाच किलोवर येतो आणि विजेवरचा मुख्य पंप सुरू होतो. वीज नसेल किंवा तो पंप पुरा पडला नाही, तर दाब आणखी उतरतो आणि डिझेलचा पंप सुरू होतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक कारखान्यात ते वेगळे असतील; परंतु क्रम हाच. आग दिसल्यापासून माणूस पंपघरापर्यंत धावत जाईतो जी मिनिटे जातात, ती वाचावीत म्हणून सुरुवात यंत्राच्या हाती दिली आहे. शहापूर-मुरबाडसारख्या भागात, जेथे मोठ्या आगीच्या वेळी कल्याण, भिवंडी, अंबरनाथ अशा शहरांतून बंब मागवावे लागतात, तेथे ही मिनिटे विशेष मोलाची आहेत.

दाब उतरला म्हणजे सुरू होणारा पंप, दाब चढला म्हणजे बंद का होऊ नये? जॉकी पंपाला जे चालते ते मुख्य पंपाला का चालू नये? वाद आहे तो एवढ्यापुरताच.

दाब चढला याचा अर्थ आग विझली असा होत नाही, हे याचे पहिले उत्तर. नळी धरणारा जवान एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना तोटी क्षणभर मिटतो. त्या क्षणी जाळ्यातील दाब उसळतो. पंप दाब पाहून थांबणारा असेल, तर तो त्याच क्षणी थांबेल. जवानाने पुन्हा तोटी उघडली, की दाब कोसळेल, पंप पुन्हा सुरू होईल; पुन्हा तोटी मिटली, पुन्हा बंद. अशी चालू-बंदची आंदोलने सुरू झाली, की नळांत पाण्याचे हातोडे बसू लागतात. विजेची मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. दर दोन मिनिटांनी असे घडले तर वेटोळी तापून जळतात. डिझेल इंजिनाची गोष्ट तर याहून नाजूक. कोणत्याही यंत्राच्या बाबतीत चालू राहणे सोपे, सुरू होणे कठीण. अमेरिकी संहितेप्रमाणे इंजिन सुरू करण्यासाठी पंधरा-पंधरा सेकंदांचे सहा प्रयत्न होतात, मध्ये तितकीच विश्रांती, आणि तरीही ते सुरू झाले नाही तर घंटा वाजते. बॅटरी ही अशी वस्तू आहे, की ती उतरल्याचे नेमके गरजेच्या वेळीच कळते. जे इंजिन एकदा सुरू झाले आहे, ते केवळ दाब चढला म्हणून थांबविणे आणि पुन्हा सुरू होईलच असे गृहीत धरणे, हा जुगार आहे.

दुसरे उत्तर खेड्यातील माणसाला कोणी समजावून सांगावयास नको. पेंढ्याच्या गंजीला आग लागते, चार जण घागरी ओततात, ज्वाळा मावळतात आणि सारे घरी जातात. मध्यरात्री गंजी पुन्हा पेटते, कारण विस्तव आत, पोटात धुमसत राहिलेला असतो. कापसाच्या गासड्या, कागदाची रिळे, पुठ्ठ्याची खोकी, प्लॅस्टिकचे दाणे यांच्या राशी ही अशीच गंजी होय, फक्त तिची उंची छपरास टेकलेली असते. स्प्रिंकलरने ज्वाळा खाली बसविल्या, की गोदामात धूर फार होतो आणि पाणी बंद करा म्हणजे आत जाऊन पाहता येईल, असे कोणीतरी म्हणते. ते ऐकून पाणी वेळेआधी बंद केल्यामुळे आटोक्यात आलेली आग पुन्हा हाताबाहेर गेल्याचा अनुभव अग्निशमन सेवांना देशोदेशी आला आहे. आग खरोखर विझली किंवा नाही, हे पाहावयास डोळे लागतात आणि हात घालून रास उलथावी लागते. दाबाच्या काट्याला ते कळत नाही.

याच कारणांनी युरोपातील स्प्रिंकलर व्यवस्थेच्या ‘ईएन १२८४५’ या मानकात पंप केवळ हाताने थांबवावा, असे सांगितले आहे. भारतात ज्या टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीच्या नियमावल्यांवर येथल्या कारखान्यांतील बहुतेक अग्निजलव्यवस्था घडल्या, तिचीही शिकवण हीच होती : पंप आपण सुरू व्हावा आणि माणसाने थांबवावा. १ जानेवारी २००७ पासून अग्निविम्याचे दर खुले झाले आणि कमिटीचा दरारा ओसरला. पण तो नियम विमा दराच्या सवलतीपुरता नव्हता, हे विसरले जाऊ नये.

अमेरिकी संहिता थोडी मोकळीक देते. पंप एखाद्या स्प्रिंकलर व्यवस्थेचा एकमेव आधार असेल, तर तो आपोआप बंद होता कामा नये, असे ती स्पष्ट सांगते. जेथे पाण्याचा दुसरा स्वतंत्र पुरवठा आहे, तेथे दाब पूर्ववत झाल्यावर पंप आपोआप थांबू शकतो. पण त्यासाठी विजेचा पंप किमान दहा मिनिटे आणि डिझेलचा किमान तीस मिनिटे चालून झाला पाहिजे. ही मोकळीक ज्या शहरांत नगरपालिकेच्या मोठ्या जलवाहिन्या कारखान्याच्या दाराशी भरपूर दाबाने पाणी देतात, अशांसाठी आहे. शहापूर-मुरबाडमधील टाकीवर अवलंबून असलेल्या गोदामास ती लागू करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालणे होय.

स्वयंचलित बंद व्हावा असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने काहीच नाही, असे मात्र नव्हे. रात्री गोदामावर एकटा रखवालदार असतो. नळ फुटून दाब उतरला आणि पंप सुरू झाला, तर तो कोण बंद करणार? सगळी तोंडे मिटलेली असता पंप चालतच राहिला, तर त्याच्या पोटातील तेच पाणी घुसळले जाऊन काही मिनिटांत तापते, पंपाचे सील आणि बेअरिंग खराब होतात. डिझेल संपते. नळच फुटला असेल, तर टाकी रिकामी होते आणि त्यानंतर खरी आग लागली तर पाणी नाही. या अडचणी खऱ्या आहेत. पण प्रत्येकीवर पंप आपोआप बंद करण्यावाचून दुसरा, अधिक चांगला उपाय आहे. पंपाचे आवरण थंड राखण्यासाठी थोडे पाणी सतत सोडणारी लहान झडप बसविता येते. पंप चालू झाल्याची घंटा पंपघरात न वाजता फाटकावरच्या चौकीत आणि व्यवस्थापकाच्या घरी वाजेल, अशी तार नेता येते. डिझेलची टाकी मोठी ठेवता येते. रखवालदार मात्र शिकवावाच लागतो, त्याला पर्याय नाही.

आणि येथेच मोठी मेख आहे. पंप हाताने थांबवावा, असे नियम सांगतो. पण कोणाच्या हाताने? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर कागदावर नसते. रात्री पंप सुरू होतो, रखवालदार घाबरतो, कोणाला तरी दूरध्वनी करतो. पलीकडून झोपेतला आवाज येतो, काही नसेल, बंद कर. तो पॅनेलवरची चावी ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर फिरवितो. पंप थांबतो, शांतता होते. सकाळी पाळी बदलते, नव्या माणसास कोणी काही सांगत नाही आणि चावी ‘ऑफ’वरच राहते. त्या क्षणापासून लाखो रुपये खर्चून उभारलेली ती व्यवस्था केवळ लाल रंगाचे लोखंड होऊन बसते. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच फरक दिसत नाही. टाकी भरलेली, पंप चकचकीत, नळांत जॉकी पंपाने राखलेला दाबही ठीक. आग लागेपर्यंत हे उमगत नाही.

या एका चावीने किती अनर्थ घडू शकतो, याचे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे असले, तरी सांगण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात पायपर आल्फा नावाचा तेल व वायूचा मंच होता. ६ जुलै १९८८ च्या रात्री तेथे स्फोट होऊन आग लागली. मंचावर समुद्राचे पाणी खेचणारे डिझेलचे आगपंप होते आणि ते आपोआप सुरू होण्याची सोयही होती. परंतु पाणबुडे समुद्रात काम करीत असता पंप अचानक सुरू झाला, तर ते त्याच्या तोंडाकडे ओढले जातील, या भीतीने त्या काळात पंप हाताने सुरू करावयाच्या स्थितीत ठेवण्याची तेथे प्रथा पडली होती. त्या रात्रीही ते तसेच होते. पाणबुड्यांचा विचार करणारी ती प्रथा दुष्टपणाची नव्हती. ती चांगल्या हेतूने पडली होती. स्फोटानंतर पंपांपर्यंत पोहोचून ते हाताने सुरू करण्याचा प्रयत्न झाला, पण आगीतून तेथवर जाता आले नाही. मंचावरील अग्निजलव्यवस्था शेवटपर्यंत पाणी देऊ शकली नाही. १६७ माणसे मृत्युमुखी पडली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या आणि त्या देशातील सागरी तेलउद्योगाच्या सुरक्षेची घडीच बदलली.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण तिचा संबंध थेट गावाशी येतो. कारखान्यास आग लागल्याचे कळताच गावातील जाणती माणसे पहिले काम करतात ते वीज उपकेंद्रास कळवून पुरवठा बंद करविण्याचे. हेतू योग्यच, विजेच्या तारांवर पाणी मारणे जिवावर बेतू शकते. पण संपूर्ण फीडर बंद झाला, की विजेवरचा आगपंपही थांबतो. आणि हे थांबणे यंत्राचेही नव्हे, पंपचालकाचेही नव्हे, तर दूर बसलेल्या तिसऱ्याच माणसाच्या हातचे असते. म्हणून आगपंपाची वीज कारखान्याच्या मुख्य स्विचच्या अलीकडून स्वतंत्रपणे घेतात, म्हणजे कारखान्याची वीज आतून तोडली तरी पंप चालू राहतो. फीडरच बंद करावा लागला, तर डिझेल पंप आहे. वीज बंद करण्याचा निरोप देणाऱ्याने कारखान्यात डिझेल पंप सुरू झाला आहे ना, एवढे विचारून घेतले तरी पुष्कळ साधेल. स्थानिक वायरमनला प्रत्येक कारखान्याचा हा तपशील आधीपासून ठाऊक असणे इष्ट.

आता पाण्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. येथल्या कारखान्यांत आढळणारा एक मध्यम आकाराचा आगपंप मिनिटास २,८५० लिटर पाणी फेकतो. तासाचे १ लाख ७१ हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे सतरा टँकर एका तासात! दोन तासांचा साठा ठेवावयाचा तर ३ लाख ४२ हजार लिटर हवेत. ज्या पाड्यावर दोन दिवसांआड एक टँकर येतो, तेथील माणसास हा आकडा बोचणारच. परंतु चालू पंप म्हणजे वाहणारे पाणी नव्हे, हे समजून घ्यावयास हवे. सर्व तोंडे मिटलेली असता पंप चालला, तर आवरण थंड ठेवण्यापुरते थोडे पाणी वगळता काही खर्च होत नाही. साप्ताहिक चाचणी, जी विजेच्या पंपास दहा मिनिटे आणि डिझेलच्या पंपास तीस मिनिटे द्यावी असे सांगतात, तीत पाणी वाया जावयाचे कारण नाही. आणि प्रवाहाची चाचणी घ्यावयाची असेल, तर ते पाणी परतीच्या नळाने त्याच टाकीत सोडता येते. चाचणीच्या दिवशी रस्त्यावर पाण्याचे लोट येत असतील, तर दोष चाचणीचा नसून परतीचा नळ नसल्याचा आहे. ग्रामपंचायतीने तक्रार करावी ती या नळासाठी. चाचणी बंद करा, अशी नव्हे. तक्रारीच्या भीतीने चाचणी टाळणारा कारखाना गावाला पाणी देत नाही, धोका तेवढा देतो. कारखान्याच्या कुंपणाला लागून वस्ती असते, कोठे आश्रमशाळा असते. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेले गवत आणि डोंगरावरचे वणवे असतात. ठिणगी कोणत्याही दिशेने उडू शकते.

दुसऱ्या बाजूने, कारखान्यानेही एक गोष्ट पाळावयास हवी. टंचाईच्या दिवसांत बागेला, धुण्याला किंवा उत्पादनाला आगीच्या टाकीतील पाणी वापरण्याचा मोह होतो. टाकीतून इतर कामांसाठी नळ काढावयाचाच असेल, तर त्याचे तोंड आगीच्या साठ्याच्या पातळीच्या वर ठेवावे, म्हणजे राखीव पाणी कोणालाच काढता येत नाही. हे साधे गवंडीकाम आहे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसंरक्षणाची साधने सुस्थितीत असल्याचे, परवानाधारक संस्थेने दिलेले ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. कारखान्यांना १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे ३८ वे कलमही २०२५ पर्यंत लागू होते. प्रमाणपत्राचा कागद मिळाला म्हणजे काम झाले, अशी समजूत मात्र पुष्कळ ठिकाणी आढळते.

तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यास किंवा पाहणीस बोलाविलेल्या पंचायत सदस्यास अभियंता असण्याची गरज नाही. पंपघरात गेल्यावर प्रथम पॅनेलवरची चावी पाहावी. ती ‘ऑटो’वर असावयास हवी. मग पंपचालकास पॅनेलला हात न लावता सर्वांत दूरचा हायड्रंट उघडावयास सांगावे, आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतो का ते पाहावे. नंतर हायड्रंट मिटावा. दाब चढेल, पंप चालूच राहिला पाहिजे. तो आपोआप थांबला, तर कोणी, कधी आणि कोणाच्या परवानगीने तशी जोडणी केली, हे विचारावे. भिंतीवर पंप थांबविण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तींची नावे, प्रत्येक पाळीसाठी, लिहिलेली आहेत का, हे पाहावे. आगीनंतर अग्निशमन अधिकाऱ्याने सांगितल्याखेरीज पंप थांबवू नये आणि थांबविल्यावरही परिसर पूर्ण निवेपर्यंत एक माणूस पंपघरात राहावा, हेही तेथे मराठीत असावे, कारण रात्री ते वाचणारा रखवालदार आसनगावचा किंवा सरळगावचा असतो. शेवटी त्या यादीतील माणसाकडून पंप हाताने थांबवून घ्यावा, चावी पुन्हा ‘ऑटो’वर आल्याची खात्री करावी, आणि नोंदवहीत वेळेसह सही घेऊनच पंपघराचे दार लावावे.